बुधवारचा वास

बुधवारी दुपारी आमच्या घरात काहीतरी मेलं. निदान वासावरून तरी तसंच वाटलं. उंदीर म्हणावा तर वासाला खारटपणा होता, आणि नुसता खारट म्हणावा तर त्यात धूर होता. मी पलंगावर उठून बसलो आणि आनंदाने जवळजवळ ओरडलोच.

कारण मला वास आला होता. नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदा.

पार्किन्सन्स नावाचा पाहुणा माझ्याकडे मुक्कामाला आला, तेव्हा हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी त्याने माझं नाक नेलं. पुष्कळांच्या बाबतीत असंच होतं म्हणे. मग हात गेला, मग चालणं, मग सहीतलं अक्षर. गोळ्यांवर काही वर्षं रेटली. शेवटी पुण्याच्या डॉक्टर अन्विता कट्टींनी माझ्या कवटीला दोन बारीक भोकं पाडून मेंदूत तारा सोडल्या, त्या मानेतून खाली आणल्या, छातीत कातडीखाली बसवलेल्या काडेपेटीएवढ्या बॅटरीला जोडल्या आणि काही आठवड्यांनी ती बॅटरी चालू केली. हात असा गप्प झाला, की तो माझाच आहे याची मी चिमटा काढून खात्री करून घेतली.

अशा ऑपरेशननंतर नाकाचं काय होतं, याचाही त्यांच्याकडे अभ्यास चालला होता. "वास परत येईलच असं नाही हं काका," त्या म्हणाल्या होत्या, "पण काही जणांना फरक पडतो. पडला तर मला लगेच सांगायचं."

आता तो पडला होता. डॉक्टरांच्या आधी वृंदाला, माझ्या बायकोला सांगायचं म्हणून मी अनवाणीच स्वयंपाकघराकडे निघालो आणि दारात थबकलो.

खिडकी सताड उघडी होती, एक्झॉस्ट पंखा भरधाव फिरत होता. वृंदा जमिनीवर पाट टाकून बसली होती. पुढ्यात वाडगाभर उकड्या तांदळाची पेज, आणि ताटलीत भाजून काळा झालेला खारा बांगडा. ती त्याचा एक तुकडा बोटांनी अलगद सोडवायची, तोंडात टाकायची, वर पेजेचा भुरका मारायची आणि डोळे मिटायची. मधूनच काहीतरी गुणगुणायची.

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. आमच्या घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, अर्धं लक्ष गॅसवर आणि अर्धं फोनवर, कुणाचं तरी काम उरकावं तशी. इथे मात्र तिला कसलीच घाई नव्हती. मी पावलं न वाजवता मागे फिरलो, पलंगावर आडवा झालो आणि खोटंखोटं घोरायला लागलो. खरं घोरण्याचा अनुभव दांडगा असल्यामुळे ते चांगलं जमलं.

आता माझ्या नाकाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी एवढा का घाबरलो ते कळणार नाही. मी प्रल्हाद गोटखिंडीकर, सांगलीतला. एका डेअरीत तुपाचा वास घ्यायची नोकरी केली. हसू नका, खरंच होती. तुपाचा थेंब हाताच्या पालथ्या बाजूवर घ्यायचा, दुसऱ्या हाताच्या बोटाने चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि एकच शब्द बोलायचा, पास किंवा नापास. दुसऱ्यांदा हुंगायचं नाही. दुसऱ्यांदा हुंगणारा माणूस तुपाचा विचार करत नसतो, स्वतःचा करत असतो, असं आमचे जुने साहेब सांगायचे. माझ्या एका शब्दावर अख्खी टाकी परत जायची. असलं नाक माणूस डेअरीच्या फाटकावर जमा करून येत नाही. ते माझ्याबरोबर घरी यायचं आणि घरीही साहेबच असायचं.

आणि वृंदा वेंगुर्ल्याची. माहेरची नेवगी. डेअरीच्या हिशेब खात्यात होती, तिथेच जमलं. मी देशस्थ, लसणीच्या पुढे मजल न गेलेला. लग्नानंतर महिन्याभरात तिच्या माहेरून खारे बांगडे आले आणि तिने हौसेने एक भाजला. मी कामावरून येत होतो. फाटकातूनच परत फिरलो आणि दिवेलागणीपर्यंत देवळात जाऊन बसलो. मी काही बोललो नाही, तीही नाही. उरलेले बांगडे तिने शेजारी देऊन टाकले आणि पुन्हा कधी माझ्या घरात मासा आला नाही. माहेरी गेली की खायची. परत येताना केस धुऊन यायची.

मग माझं नाक गेलं. वृंदाने थोडी वाट पाहिली असणार, मग एखादा बोंबील भाजून अंदाज घेतला असणार, आणि मग बुधवार नेमून घेतला; दर बुधवारी ती मला जेवल्या जेवल्या झोपायला का पिटाळते, ते आता उमगलं. मी दुपारी झोपतो तेवढ्यात. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत हा सोहळा चालला होता आणि मी भिंतीपलीकडे घोरत होतो.

पेच असा होता. मला वास येतो हे सांगितलं, की बांगडा त्याच दिवशी घराबाहेर जाणार. वृंदा तक्रार करणार नाही, तोंड पाडणार नाही, फक्त खिडकी बंद करून टाकेल. पुन्हा सगळ्यांच्या शेवटी, उरकल्यासारखं जेवेल. आणि मी ते डोळे मिटणं एकदा पाहून बसलो होतो. ते माझ्यामुळे जावं हे मला मुळीच नको होतं.

मग नाही सांगायचं, एवढंच ना? त्यात काय अवघड आहे, असं मला त्या दुपारी वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनचाफा आला.

ऑपरेशन झाल्यापासून वृंदाने माझ्या नाकाची शिकवणी लावली होती. चहा झाला की मला खुर्चीत बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि एकेक वस्तू नाकाखाली धरायची. वेलदोडा, कापूर, हिंगाची डबी. शेवटी अंगणातल्या झाडाचं सोनचाफ्याचं फूल.

"आलं का काही?"

त्या सकाळी वेलदोडा पुसट आला, कापूर नाकात टोचला, आणि सोनचाफा तर दार ढकलून आत आला. मला आमच्या आईचं कपाट आठवलं, लग्नातला हार आठवला.

"नाही," मी म्हणालो.

"नीट बघा. जरा ओढून घ्या."

"नाही गं. काहीच नाही."

मी डोळे उघडले. तिचा चेहरा पडला होता, पण तिने तो लगेच सावरला.

"असू दे," ती म्हणाली. "उद्या बघू. घाई कोणाला आहे?"

घाई तिलाच होती. ते फूल तिने केसात माळलं नाही, देवापुढे ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. ती नक्की काय मागत होती? माझं नाक परत यावं म्हणून, की येऊ नये म्हणून? मी जन्मभर तूप पारखलं, माणसांचे चेहरे नाही. तिच्या पाठीकडे बघून मला पास म्हणता येईना आणि नापासही. रोज सकाळी मी तिच्या तोंडावर खोटं बोलत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

पुढचा बुधवार आला.

"झोपा आता जरा," जेवण झाल्या झाल्या वृंदा म्हणाली.

"झोप नाही येत."

"पडलात की येईल. पडा."

तिने खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. पहिल्या बुधवारी वास आल्याचा आनंद होता. या बुधवारी नुसता वासच होता. तो दाराच्या फटीतून आला, उशीवर बसला, पांघरुणात शिरला. मला उमासा आला असता तर तिला ऐकू गेलं असतं, आणि मग सगळंच बाहेर आलं असतं.

तेव्हा मला रिमोट आठवला. मशीन चालू-बंद करायला दवाखान्याने एक छोटा रिमोट दिला होता. अगदीच गरज पडली तर वापरा, असं बजावलं होतं. मी मनाशी हिशेब केला, मशीनने नाक आणलं, तर मशीन बंद केल्यावर ते जाईल. अर्ध्या तासाचा तर प्रश्न. बटण दाबलं.

वास गेला की नाही, ते कळायच्या आत हात गेला. आधी बोटं, मग मनगट, मग सगळा उजवा हात पलंगाच्या कडेवर ताशा वाजवायला लागला. रिमोट कुठेतरी घरंगळला. तो शोधायला गेलो तर उशाजवळच्या तांब्याला धक्का बसला आणि तो पाण्यासकट फरशीवर आदळला.

दार धाडकन उघडलं.

"अहो! काय होतंय? प्रल्हाद!"

वृंदा मला नावाने कधी हाक मारत नाही. तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. उजव्या हाताला पेज लागलेली होती, बांगडाही होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. ती पांढरीफटक पडली होती. पांघरुणातून रिमोट शोधून तिनेच बटण दाबलं आणि माझा हात थांबेपर्यंत तो छातीशी घट्ट धरून बसली.

"चुकून दाबलं गेलं," मी म्हणालो.

"मशीनच बिघडलंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. "आणि मी तिकडे... तुम्हाला एकटं टाकून मी तिकडे..."

त्याच संध्याकाळी तिने पुण्याला फोन करून वेळ घेतली.

वेळ मिळेपर्यंत आणखी एक बुधवार गेला. त्या दुपारी वृंदा माझ्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसून राहिली. दुधीची भाजी आणि पोळी खाऊन आम्ही दोघं एकमेकांवर पहारा करत होतो. घरात कसलाही वास नव्हता. बांगडा वाचवायला मी एवढी धडपड केली आणि माझ्याच हाताने तो घालवून बसलो.

पुण्यात डॉक्टर कट्टींनी माझ्या छातीवर त्यांचं यंत्र धरलं, पडद्यावर आकडे बघितले आणि भुवया उंचावल्या.

"मशीन ठणठणीत आहे काका. कुणीतरी बंद केलं होतं."

"चुकून दाबलं गेलं."

"बंद करायच्या आधी ते दोनदा विचारतं."

"दोनदा चुकलो."

त्यांनी वृंदाकडे पाहिलं. वृंदाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे पाहिलं.

"बरं. आलाच आहात तर नाकही तपासून टाकू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी स्केचपेनांसारखी एक पेटी काढली. प्रत्येक पेनात एक वास. टोपण काढून नाकाखाली धरायचं, समोरच्या कार्डावरच्या चार चित्रांपैकी एकावर बोट ठेवायचं. ऑपरेशनआधी मी यात सपशेल आपटलो होतो.

माझं ठरलेलं होतं. सगळीच उत्तरं चुकवायची, घरी जायचं, आणि मशीन ठीक आहे म्हटल्यावर वृंदाचे बुधवार पुन्हा सुरू होतील याची वाट बघायची. पहिलं पेन आलं. लवंग. कार्डावर लवंग, केळं, साबण आणि आलं. केळं म्हणायचं होतं. तोंडही उघडलं. पण लवंगेला केळं कसं म्हणू हो? एवढ्या वर्षांची नोकरी आडवी आली.

"लवंग," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान वर केली. मग कॉफी आली. मग संत्रं, लसूण, दालचिनी. एकेक पेन येत गेलं आणि माझं नाक मला न विचारता उत्तरं देत सुटलं. कितीतरी दिवसांनी त्याला काम मिळालं होतं, ते काय कोणाचं ऐकतंय! मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वृंदा उठून उभी राहिली होती. दोन्ही हात तोंडावर, डोळ्यांतून धारा, आणि हातांच्या आड हसू मावत नव्हतं.

ती देवापुढे काय मागत होती, ते मला तेव्हा कळलं.

"आता हे," डॉक्टर म्हणाल्या. टोपण निघालं आणि आमचा बुधवार त्या खोलीत आला.

वृंदालाही तिथे उभ्या उभ्या तो आला असावा, कारण तिचं हसू जागच्या जागी थांबलं. तिने मान खाली घातली आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळायला लागली. कार्डावर पुदिना होता, पेट्रोल होतं, गुलाब होता आणि एक जाडजूड मासा होता.

"गुलाब," मी म्हणालो.

"काका, परत एकदा घेऊन बघा."

"दुसऱ्यांदा हुंगायचं नसतं. गुलाब."

"कमाल आहे," डॉक्टर पेटी बंद करत म्हणाल्या. "बाकी सगळे ओळखलेत, आणि नेमका हा इतका उग्र..."

"असा कसा गुलाब तुमचा," मी म्हणालो, "फार उग्र आहे."

परतीच्या वाटेवर टॅक्सीत वृंदा खिडकीशी बसली होती. सातारा मागे पडला तेव्हा ती बाहेरच बघत म्हणाली,

"गुलाब?"

"मला तसं वाटलं."

"सोनचाफा कधीपासून येतोय?"

मी पुढच्या ट्रकचा नंबर वाचायला लागलो.

"अहो, मी विचारतेय."

"झाले दोन-अडीच आठवडे."

"आणि बुधवार?"

"बुधवार त्याच्या आदल्या दिवशी आला."

ती पुन्हा खिडकीकडे वळली. तिचे खांदे हलायला लागले. रडते आहे असं वाटून मी हात पुढे केला, तर बाई हसत होती. मग बघितलं तर रडतही होती.

"असलो खुळो घोव कोणाक गावचो नाय!" ती म्हणाली. फार गलबलली, की तिची वेंगुर्ल्याची बोली बाहेर पडते, आणि खुळो घोव म्हणजे वेडा नवरा, एवढं मला कळतं. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. "म्हणून मशीन बंद केलंत? बांगड्यापायी?"

"वासापायी. बांगड्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती."

"मी मेले असते त्या दिवशी भीतीने. अहो, रोज देवापुढे उभी राहून मागत होते, यांना वास येऊ दे म्हणून. कळलं असतं तर त्याच दिवशी बांगडा फेकून दिला असता मी."

"तेच नको होतं मला. मी तुला जेवताना पाहिलं."

माझा उजवा हात तिने स्वतःच्या मांडीवर घेतला. तो स्थिर होता.

"आता संपलं ते," ती म्हणाली. "तुमचं नाक आलं, मी भरून पावले. बांगडा नाही मिळाला तरी चालेल मला."

"मला नाही चालणार," मी म्हणालो.

सांगलीत शिरलो तेव्हा बाजार अजून उठला नव्हता. मी टॅक्सी थांबवायला सांगितली आणि वृंदा "कुठे, कुठे" म्हणेपर्यंत खाली उतरून सुक्या मासळीच्या बायका बसतात त्या टोकाला चालत गेलो. आयुष्यात त्या बाजूला मी पहिल्यांदा गेलो. वास इतका दणकट होता, की डोळ्यांत पाणी आलं.

"काय मामा, वाट चुकलासा व्हय?" मासळीवाली म्हणाली. माझ्या कपाळावरचं गंध बघूनच म्हणाली असणार.

"खारे बांगडे दाखवा."

तिने पाटी पुढे केली. मी एक बांगडा उचलला, हाताच्या पालथ्या बाजूवर घासला, बोटाने चोळला, नाकाशी नेला. 

"नापास."

"आँ?"

"शिळा आहे. खवट झालाय. पुढचा द्या."

"आवं, मासळी हाय मामा, अत्तर न्हवं!"

"पुढचा द्या."

दुसराही परत केला. तिसऱ्यापर्यंत आजूबाजूच्या बायका आपापल्या पाट्या सोडून बघायला आल्या होत्या. त्यांच्यामागे वृंदा उभी होती, पदराचा बोळा तोंडात कोंबून. तिसऱ्याला मीठ नीट मुरलेलं होतं, वास खणखणीत होता, त्यात लबाडी नव्हती. असह्य होता, पण चोख होता.

"पास," मी म्हणालो. "असले चार द्या."

त्या बुधवारी वृंदाने मला झोपायला पाठवलं नाही. स्वयंपाकघरात दोन पाट मांडले. माझ्या ताटात दहीभात आणि ताटाशेजारी सोनचाफ्याची दोन फुलं. "फारच झालं तर हे हुंगा मधे मधे," ती म्हणाली. रिमोट तिने आधीच कपाटात नेऊन ठेवला होता. मग तिने बांगडा भाजला, पेज वाढून घेतली आणि समोर येऊन बसली.

सुरुवातीला तिला अवघड गेलं. प्रत्येक घासाला माझ्याकडे बघायची, मला काही होतंय का म्हणून. मी एक फूल नाकाशी धरून दहीभात खात होतो आणि चेहरा शक्य तितका हसरा ठेवत होतो. दोन-तीन घास ती तशीच जेवली. मग तिने बांगड्याचा एक तुकडा अलगद सोडवला, तोंडात टाकला, पेजेचा भुरका मारला, आणि हळूहळू तिचे डोळे मिटले.

मी फूल खाली ठेवलं.